पाय मोडला, म्हणून सिम्फनी झाली

पाय मोडल्याचा कुणाला आनंद झाल्याचं ऐकलंय कधी? मी तरी ऐकलं नव्हतं. पण फ्लोरेन्स प्राइस या बाईची हकिगत वाचताना ते वाचलं, आधी खुदकन हसू आलं आणि मग बराच वेळ मी नुसती बसून राहिले.

साल 1931. जानेवारी महिना. अमेरिकेतलं शिकागो शहर. त्रेचाळीस वर्षांची फ्लोरेन्स पाय मोडून घरात पडलेली. पदरात दोन मुली, पियानोच्या शिकवण्या, घरचं सगळं. एरवी दिवसभर पळापळ. पण आता पायच मोडला म्हटल्यावर पळणार कशी? त्या सक्तीच्या विश्रांतीत तिनं कागद पुढे ओढले आणि मनात कधीपासून घोळत असलेलं एक मोठं काम सुरू केलं. आपली पहिली सिम्फनी. त्या दिवसांबद्दल तिनं एका मैत्रिणीला पत्र लिहिलं. त्यात ती म्हणते, की कुणी मधे न येता लिहायला मिळालेले हे थोडे दिवस फार मोलाचे. पुन्हा पाय मोडण्याचं भाग्य मला कधी लाभणार कोण जाणे!

गंमतच केली होती तिनं. पण ही गंमत कळायला बाईच व्हायला हवं, नाही का? ताप भरला तरच पाठ टेकायची आणि तेव्हाच अर्धवट राहिलेलं पुस्तक उशाशी घ्यायचं, हे आपल्यातल्या कितीजणींनी केलंय!

आता सिम्फनी म्हणजे काय, ते थोडं सांगते. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीतला सिनेगीतांचा कार्यक्रम डोळ्यांपुढे येतो. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातला ऑर्केस्ट्रा वेगळा. साठ-सत्तर, कधी त्याहूनही जास्त वादक एकत्र बसतात. व्हायोलिन, बासरी, तुताऱ्या, नगारे, सगळं. समोर एकजण हातवारे करून त्यांना सांभाळत असतो, तो कंडक्टर. या सगळ्या ताफ्यासाठी लिहिलेली, बहुधा चार भागांची मोठी रचना म्हणजे सिम्फनी. कुणी काय आणि कधी वाजवायचं, हे सूर न् सूर कागदावर लिहावं लागतं. म्हणजे केवढं काम, बघा! आणि त्या काळी हे काम पुरुषांचं, तेही गोऱ्या पुरुषांचं, असंच सगळे धरून चालायचे.

फ्लोरेन्स गोरी नव्हती. तिचा जन्म 9 एप्रिल 1887चा, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक गावचा. कृष्णवर्णीय पण सुखवस्तू घर. वडील दातांचे डॉक्टर, आई संगीत शिकवायची. लेकीची पहिली गुरू आईच. चौथ्या वर्षी पोरगी लोकांसमोर पियानो वाजवायला बसली, चौदाव्या वर्षी शाळेतून पहिली आली. मग आईनं तिला बोस्टनच्या नामांकित संगीत विद्यालयात, न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत घातलं. आणि इथे आईनं एक गोष्ट केली. लेकीचं गाव विचारलं, तेव्हा लिटल रॉक न लिहिता मेक्सिकोतलं एक गाव लिहून दिलं. मुलगी मेक्सिकन समजली गेली तर काळेपणाचे चटके कमी बसतील, हा हिशेब. काय वाटलं असेल त्या माउलीला, स्वतःच्या गावाचं नाव लपवताना? आणि त्या मुलीला, दरवेळी ते खोटं गाव सांगताना?

1906 साली फ्लोरेन्स दोन पदव्या घेऊन बाहेर पडली. ऑर्गन वाजवण्याची एक आणि पियानो शिकवण्याची दुसरी. दक्षिणेत परत येऊन शिकवू लागली. पुढे अटलांटाच्या एका कॉलेजात संगीत विभागाची प्रमुखही झाली. 1912 मध्ये थॉमस प्राइस या वकिलाशी लग्न झालं आणि ती पुन्हा लिटल रॉकला आली. एक मुलगा झाला, तो तान्हेपणीच गेला. पुढे दोन मुली झाल्या. एवढी शिकलेली बाई, पण राज्यातल्या संगीतशिक्षकांच्या संघटनेनं तिला सभासद करून घेतलं नाही. कारण एकच, रंग.

मग 1927 साल उजाडलं. लिटल रॉकमध्ये जमावानं एका कृष्णवर्णीय माणसाला ठार मारलं आणि कृष्णवर्णीयांच्याच वस्तीत भर रस्त्यात त्याचं प्रेत जाळलं. प्राइस कुटुंबानं त्याच वर्षी गाव सोडलं. दक्षिणेतली हजारो कृष्णवर्णीय कुटुंबं तेव्हा उत्तरेची वाट धरत होती. हेही शिकागोला आले.

शिकागोत जीव वाचला, पण संसार टिकला नाही. पैशांची ओढाताण आणि नवऱ्याकडून होणारा छळ. 1931 मध्ये घटस्फोट झाला. म्हणजे पाय मोडला, संसार मोडला आणि सिम्फनी सुरू झाली, ते सगळं एकाच वर्षात! त्याच वर्षी तिनं दुसरं लग्न केलं, तेही फार काळ निभावलं नाही. पोटासाठी तिनं मूकपटांच्या थिएटरात ऑर्गन वाजवला, रेडिओवरच्या जाहिरातींसाठी टोपणनावानं गाणी केली. पण लिहिणं सोडलं नाही.

आणि इथे या गोष्टीत दुसऱ्या बायका येतात. मला तर हा भाग सगळ्यात आवडतो.

शिकागोत एस्टेला बॉन्ड्स नावाची एक संगीतशिक्षिका होती. तिच्या घराचं दार गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसांना नेहमी उघडं असायचं. हाती पैसा नव्हता तेव्हा फ्लोरेन्स मुलींना घेऊन काही काळ तिच्याकडेच राहिली. एस्टेलाची मुलगी मार्गारेट ही फ्लोरेन्सची विद्यार्थिनी. एखाद्या स्पर्धेची तारीख जवळ आली, की या घरात काय गडबड उडायची ते मार्गारेटनं पुढे सांगून ठेवलंय. ऑर्केस्ट्रातल्या प्रत्येक वाद्याचे कागद वेगळे लागतात आणि तेव्हा झेरॉक्स नव्हतं. सगळं हातानं उतरवून काढायचं. मग शिकागोच्या कडाक्याच्या थंडीत, रात्री स्वयंपाकघरातल्या मोठ्या टेबलाभोवती सगळे बसायचे. ज्याला म्हणून सूर लिहिता येतो तो मदतीला धावायचा. आपल्याकडे एकीच्या घरचे पापड लाटायला साऱ्या गल्लीतल्या बायका पोळपाट-लाटणं घेऊन जमतात ना, अगदी तसं!

1932 मध्ये वॉनमेकर स्पर्धेत फ्लोरेन्सच्या त्या पहिल्या सिम्फनीला पहिलं बक्षीस मिळालं. पाचशे डॉलर. पियानोच्या दुसऱ्या एका रचनेलाही बक्षीस मिळालं. आणि त्याच वर्षी गाण्यांच्या विभागात बक्षीस कुणाला, तर तिच्या शिष्येला, मार्गारेट बॉन्ड्सला. त्या स्वयंपाकघरात त्या दिवशी काय आनंद झाला असेल!

शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्राचे कंडक्टर फ्रेडरिक स्टॉक यांनी ही सिम्फनी वाजवायची ठरवली. 15 जून 1933, शिकागोचं ऑडिटोरियम थिएटर. शहरात तेव्हा मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं, त्यातलाच हा कार्यक्रम. त्याच्या खर्चाचा भार मॉड रॉबर्ट्स जॉर्ज हिनं उचलला. ही बाई शिकागोच्या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात संगीतावर लिहायची. म्हणजे पडद्यामागे पुन्हा बाईच! त्या संध्याकाळी अमेरिकेतल्या एका अव्वल ऑर्केस्ट्रानं पहिल्यांदाच कृष्णवर्णीय बाईची सिम्फनी वाजवली. आणि त्याच मंचावर, त्याच ऑर्केस्ट्राबरोबर, वीस वर्षांची मार्गारेट एका दुसऱ्या रचनेसाठी पियानोवर बसली होती. शिकागो सिम्फनीबरोबर एकल वादन करणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलाकार.

ती सिम्फनी मी ऐकलीय. मला त्या संगीतातलं शास्त्र फारसं कळत नाही. पण तिसरा भाग लागला आणि पाय आपोआप ठेका धरू लागला. त्या भागाचं नाव जूबा. गुलामीच्या काळात मालकांनी ढोल वाजवायला बंदी केली, तेव्हा त्या लोकांनी हातांनी टाळ्या देत, मांड्या-छातीवर थापट्या मारत, पाय आपटत जो नाच जागता ठेवला, तो जूबा. ढोल काढून घेतले तर अंगाचाच ढोल केला! आपल्या मंगळागौरीत कुठे ढोलकी असते? टाळ्या, पायांचा ठेका आणि झिम्मा, एवढ्यावर रात्र जागते. फ्लोरेन्सनं तो जूबा नेऊन थेट सिम्फनीत बसवला. ज्या संगीतासाठी बोस्टनमध्ये गाव लपवावं लागलं होतं, त्याच संगीतात तिनं आता आपलं गाव उघडपणे आणलं.

पुढच्याच वर्षी तिची पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना मार्गारेटनं वाजवली, शिकागोच्या महिला सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर. मोठे ऑर्केस्ट्रा बायकांना घेत नसत, म्हणून बायकांनी आपला वेगळा उभा केला होता. कंडक्टरही बाईच, एब्बा सुंडस्ट्रॉम. रचना बाईची, पियानोवर बाई, वादक बायका. काय दृश्य असेल ते!

1939 साली मॅरियन अँडरसन या थोर गायिकेला वॉशिंग्टनच्या एका सभागृहानं रंगामुळे दार बंद केलं. मग ती लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर उभी राहून पाऊण लाख लोकांसमोर गायली. त्या कार्यक्रमाच्या अखेरीला तिनं जी भक्तिगीतं घेतली, त्यातलं एक फ्लोरेन्सनं बांधलेलं होतं. दिवस होता 9 एप्रिल. फ्लोरेन्सचा बावन्नावा वाढदिवस!

इथवर ऐकून वाटेल, आता सगळं छान झालं असेल. तसं झालं नाही, मैत्रिणींनो. बोस्टनच्या प्रख्यात ऑर्केस्ट्राचे कंडक्टर कुसेवित्स्की यांना तिनं वर्षानुवर्षं पत्रं लिहिली. 1943च्या पत्रात तर तिनं सरळच सांगून टाकलं, की माझ्या आड दोन गोष्टी येतात, मी बाई आहे आणि माझ्या अंगात काळ्यांचं रक्त आहे. दया नको, सवलत नको, फक्त माझं काम बघा, एवढंच तिचं मागणं. त्या ऑर्केस्ट्रासाठी त्यांनी तिची एकही रचना कधी घेतली नाही.

3 जून 1953ला शिकागोत फ्लोरेन्स गेली. वय 66. युरोपला जायचं ठरलं होतं, ते राहूनच गेलं. तीनशेहून जास्त रचना मागे ठेवून ती गेली आणि जग हळूहळू तिला विसरलं. एका रे लिंडा ब्राऊन या कृष्णवर्णीय अभ्यासिकेनं मात्र आयुष्यातली कितीतरी वर्षं तिचा शोध घेण्यात घालवली. तिनं लिहिलेलं फ्लोरेन्सचं चरित्र 2020 मध्ये छापून आलं. तेव्हा स्वतः ब्राऊन हयात नव्हती.

आणि आता शेवटची गोष्ट. 2009 साल. शिकागोच्या दक्षिणेला सेंट ॲन नावाचं लहानसं गाव आहे. तिथलं एक पडीक घर एका जोडप्यानं विकत घेतलं. झाड पडून छपराला भगदाड पडलेलं, चोराचिलटांनी घर विस्कटलेलं. पण एका कोरड्या राहिलेल्या भागात कागदांचे ढीग सापडले. सगळ्यावर एकच नाव, फ्लोरेन्स प्राइस. हे तिचं उन्हाळ्यात राहायचं घर होतं! त्या ढिगात व्हायोलिनसाठीच्या दोन मोठ्या रचना होत्या आणि 1945ची चौथी सिम्फनी होती. त्या जोडप्यानं ते रद्दीत घातलं नाही. नाव शोधलं, चौकशी केली आणि ते आर्कान्सा विद्यापीठापर्यंत पोचवलं. 2018 मध्ये आर्कान्सातल्याच फोर्ट स्मिथ गावच्या ऑर्केस्ट्रानं ती चौथी सिम्फनी पहिल्यांदा वाजवली. लिहिल्यावर 73 वर्षांनी! आणि फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रानं काढलेल्या तिच्या पहिल्या आणि तिसऱ्या सिम्फनीच्या ध्वनिमुद्रणाला 2022 मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

ते छपराचं भगदाड माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ते झाड हातभर इकडे पडलं असतं तर? ज्यांनी घर घेतलं त्यांनी साफसफाईत सगळं जाळून टाकलं असतं तर? आपल्याकडे किती घरांतून असं होतं. सासूबाईंची ओव्यांची वही, मावशीनं लिहून ठेवलेली गाणी, कुणाची डायरी. दिवाळीच्या आवराआवरीत ती रद्दीबरोबर जाते आणि आपल्याला कळतही नाही.

म्हणून या दिवाळीला माळा काढताना जुन्या वह्या एकदा उघडून बघा. आणि घरात एखादी लिहिणारी, गाणारी, चित्रं काढणारी असेल, तर तिला आठवड्यातला एक तास तिचा म्हणून मोकळा द्या. ती तुम्ही स्वतः असाल, तर तो मागून घ्या. त्यासाठी पाय मोडायची वाट कशाला बघायची?