शहराचा कायदा घडवणारे वकील : फिरोजशहा मेहता



आपल्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक असली की आपले आईवडील रांगेत उभे राहून मत देतात. गावचा पैसा कुठे खर्च करायचा, हे आपण निवडलेली माणसं ठरवतात. पण एके काळी मुंबईसारख्या मोठ्या शहरातसुद्धा असं नव्हतं. ते व्हावं म्हणून झटलेल्या एका वकिलाची ही गोष्ट.

फिरोजशहा मेहता यांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. त्यांचे वडील व्यापारी होते. फिरोजशहा अभ्यासात हुशार. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून १८६४ साली ते पदवीधर झाले. त्यांची हुशारी पाहून प्राचार्य ग्रँटसाहेबांनी त्यांची शिफारस केली आणि कायदा शिकायला ते विलायतेला गेले. तिथे त्यांना दादाभाई नौरोजींचा सहवास लाभला. १८६८ साली बॅरिस्टर होऊन ते मुंबईला परत आले. पण नव्या वकिलाकडे पक्षकार लगेच कुठून येणार? सुरुवातीला काम थोडंच मिळे.

त्या वेळी मुंबईचा कारभार आर्थर क्रॉफर्ड नावाचे म्युनिसिपल कमिशनर पाहत. त्यांनी शहर स्वच्छ केलं, रस्ते सुधारले, मोठी मंडई बांधली. मुंबईला जाऊन आलेल्यांनी क्रॉफर्ड मार्केट पाहिलंच असेल. आता तिला महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणतात. पण या कामांत पैसा पाण्यासारखा गेला आणि कर भरणारे लोक खवळले. सगळे क्रॉफर्डना दोष देऊ लागले.

१८७१ साली २६ वर्षांचे फिरोजशहा भर सभेत बोलायला उभे राहिले. लोकांच्या मनासारखं बोलले असते तर वाहवा मिळाली असती. पण त्यांनी सांगितलं, की कामं चांगलीच झाली आहेत. दोष एका माणसाचा नाही, पद्धतीचा आहे. खर्चावर लक्ष ठेवायला लोकांनी निवडलेली माणसं हवीत. हे बोलणं ऐकणाऱ्यांना मुळीच रुचलं नाही. तरी फिरोजशहांनी आपलं मत बदललं नाही.

पुढच्याच वर्षी, १८७२ साली, मुंबईसाठी नवा कायदा झाला. ६४ सभासदांपैकी निम्मे कर भरणाऱ्यांनी निवडायचे ठरले. मत मात्र ठराविक कर भरणाऱ्यांनाच होतं, गरिबांना नव्हतं. फिरोजशहा स्वतः म्युनिसिपालिटीत निवडून गेले आणि पुढे तिचे अध्यक्षही झाले. १८८८ सालचा कायदा घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. वेळोवेळी दुरुस्त्या होऊन तोच कायदा मुंबईत आजही चालतो.

५ नोव्हेंबर १९१५ रोजी ते वारले. मुंबई महापालिकेच्या इमारतीसमोर त्यांचा पुतळा उभा आहे.

मित्रांनो, वर्गात काही बिघडलं की आपण लगेच एकाकडे बोट दाखवतो. त्याआधी नीट विचार करावा, आणि जे खरं वाटेल ते सगळे विरोधात असले तरी न भिता बोलावं. फिरोजशहांकडून एवढं तरी आपण शिकूया.

— इयत्ता सातवी