पिवळ्या कार्डामागचा माणूस : मॅक्स थायलर

केनिया, युगांडा, नायजेरिया, ब्राझील अशा देशांत नोकरीसाठी किंवा फिरायला जाणारे रुग्ण माझ्याकडे बहुतेक वेळा अगदी शेवटच्या आठवड्यात येतात. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, सगळे तयार असते. मग कोणीतरी आठवण करून देते, "अहो, यलो फीवरची लस घेतली का?" ही लस घेतल्यावर जे पिवळे कार्ड मिळते ते दहा दिवसांनंतरच वैध ठरते, असे सांगितले की त्यांचा चेहरा उतरतो. "डॉक्टर, एका कागदासाठी एवढे कशाला?" हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. त्याचे उत्तर ज्याने ही लस तयार केली, त्या मॅक्स थायलर यांच्या आयुष्यात सापडते.

बालपण आणि शिक्षण

थायलर यांचा जन्म ३० जानेवारी १८९९ रोजी दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया येथे झाला. वडील अर्नोल्ड थायलर हे मूळचे स्वित्झर्लंडचे, नावाजलेले पशुवैद्यक. गुरांच्या रोगांवर त्यांचे संशोधन चाले, त्यामुळे रोगजंतू आणि लस हे विषय मुलाच्या कानावर लहानपणापासून पडत होते. केप टाऊनला शिक्षण सुरू करून ते पुढे लंडनला गेले आणि १९२२ मध्ये डॉक्टर झाले. त्यांच्या नावापुढे एम.डी. किंवा पीएच.डी. कधीच लागली नाही. उष्णकटिबंधातील रोगांचा एक छोटा अभ्यासक्रम करून ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात संशोधनासाठी रुजू झाले.

त्या काळचा पीतज्वर

यलो फीवर म्हणजे पीतज्वर. डेंग्यू पसरवणारा एडीस डासच हा रोगही पसरवतो. सुरुवातीला ताप, अंगदुखी, उलट्या होतात. बरेच जण यातून बरे होतात. पण काहींना एक-दोन दिवस बरे वाटून आजार पुन्हा उलटतो. मग कावीळ होते, रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे निकामी होतात. या दुसऱ्या टप्प्यात पोहोचलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे रुग्ण दगावतात. विषाणूवर थेट काम करणारे औषध आजही नाही.

हिदेयो नोगुची या प्रसिद्ध जपानी शास्त्रज्ञाने त्या वेळी दावा केला होता की पीतज्वर लेप्टोस्पायरा नावाच्या जिवाणूमुळे होतो. पावसाळ्यात मुंबईत आणि कोकणात ज्या 'लेप्टो'ची आपल्याला धास्ती असते, त्याच्याच कुळातला हा जिवाणू. थायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की नोगुचींना सापडलेला जंतू लेप्टोचाच आहे. कावीळ दोन्ही रोगांत होते, पण रोग वेगळे.

खरे कारण १९२७ मध्ये पश्चिम आफ्रिकेत सापडले. असिबी नावाच्या एका तरुण रुग्णाचे रक्त भारतातून नेलेल्या ऱ्हीसस माकडाला टोचले गेले. माकड पीतज्वराने मेले, आणि हा रोग विषाणूमुळे होतो हे सिद्ध झाले. असिबी बरा झाला. त्या शोधात सहभागी असलेले एड्रियन स्टोक्स मात्र त्याच वर्षी पीतज्वराने वारले. पुढच्या वर्षी नोगुचीही आफ्रिकेत याच रोगाने गेले. प्रयोगशाळेत हा विषाणू हाताळणे म्हणजे जिवाशी खेळ होता.

उंदीर, आजारपण आणि लस

माकडे महाग होती आणि त्यांच्यावर काम करणे धोक्याचे होते. थायलर यांनी विषाणू पांढऱ्या उंदरांच्या मेंदूत वाढवून पाहिला, आणि तो वाढला. उंदीर स्वस्त आणि हवे तितके मिळत. यामुळे संशोधनाचा वेग एकदम वाढला. कोणाच्या रक्तात या रोगाविरुद्ध प्रतिपिंडे आहेत हेही उंदरांवर तपासता येऊ लागले.

१९२९ मध्ये थायलर यांना स्वतःलाच प्रयोगशाळेत पीतज्वराचा संसर्ग झाला. सुदैवाने आजार सौम्य होता. ते बरे झाले आणि त्यांना कायमची प्रतिकारशक्ती मिळाली. एकदा होऊन गेलेला हा रोग पुन्हा होत नाही. मग रोग न होता हेच संरक्षण कसे देता येईल, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता.

१९३० मध्ये ते न्यूयॉर्कला रॉकफेलर फाउंडेशनच्या प्रयोगशाळेत गेले. उंदरांच्या मेंदूत वाढवलेला विषाणू यकृताला कमी त्रास देई, पण मेंदूला धोका वाढे. म्हणून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी असिबीच्या रक्तातून आलेला विषाणू आधी उंदराच्या आणि मग कोंबडीच्या गर्भाच्या पेशींमध्ये पुन्हा पुन्हा वाढवला. शेवटी त्या पेशींमधून मेंदू आणि मज्जारज्जूचा भागही काढून टाकला. ८९व्या आणि ११४व्या वाढीच्या दरम्यान कधीतरी विषाणू बदलला. तो जिवंत राहिला, पण रोग करण्याची ताकद जवळजवळ गमावून बसला. या विषाणूचे नाव १७डी. १९३७ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि ब्राझीलमध्ये मोठ्या प्रमाणावर लसीकरण सुरू झाले.

वाट सरळ नव्हती. १९४२ मध्ये ही लस घेतलेल्या हजारो अमेरिकन सैनिकांना कावीळ झाली. दोष लसीच्या विषाणूचा नव्हता. लस टिकावी म्हणून तिच्यात मिसळलेल्या मानवी रक्तद्रवातून हिपॅटायटिस बी पसरला होता. तो रक्तद्रव वगळून लस बनवली जाऊ लागली. १९५१ मध्ये थायलर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे त्यांनी येल विद्यापीठात काम केले. ११ ऑगस्ट १९७२ रोजी त्यांचे निधन झाले.

आज तुम्हाला टोचली जाणारी लस याच १७डी विषाणूपासून बनते. असिबीच्या रक्तातल्या विषाणूचा तो वंशज आहे.

मग दहा दिवस का?

ही लस जिवंत, पण दुबळ्या केलेल्या विषाणूची आहे. तो शरीरात थोडा वाढतो आणि मग प्रतिपिंडे तयार होतात. याला साधारण दहा दिवस लागतात, म्हणून कार्ड दहाव्या दिवसापासून वैध.

भारतात पीतज्वर नाही. पण एडीस डास भरपूर आहे आणि बहुतेक लोकांनी ही लस घेतलेली नाही. एक आजारी प्रवासी आला तर काय होऊ शकते, याचा अंदाज डेंग्यूवरून येतो. म्हणून पीतज्वर असलेल्या देशातून वैध कार्डाशिवाय परतणाऱ्याला आपल्याकडे सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. डास चावल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण तीन ते सहा दिवस जातात.

प्रवास ठरला की एवढे करा

• तिकीट काढतानाच, जिथे जायचे आणि वाटेत जिथे विमान बदलायचे, त्या सर्व देशांचे लसीचे नियम त्यांच्या दूतावासाकडून तपासा. काही देश वाटेतला लांब थांबाही मोजतात.
• लस सरकारमान्य केंद्रातच घ्या. केंद्रांची यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे मिळते. सोबत मूळ पासपोर्ट न्या.
• कार्डावरचे नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक पासपोर्टशी जुळतात का, लसीचा बॅच क्रमांक, सही आणि शिक्का आहे का, हे केंद्रातच बघून घ्या.
• जुने कार्ड फेकू नका. ११ जुलै २०१६ पासून एकच डोस आयुष्यभरासाठी वैध मानला जातो.
• नऊ महिन्यांखालील बाळ, गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या माता, साठीच्या पुढचे लोक, अंड्याची तीव्र ॲलर्जी, एचआयव्ही, कॅन्सरचे उपचार, स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे, थायमस ग्रंथीचा आजार यांपैकी काही असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना सांगा. लस देता येत नसेल तर वैद्यकीय सवलतीचे पत्र मिळते, पण त्यानंतरही विलगीकरण होऊ शकते.
• दुसरी जिवंत लस घ्यायची असेल तर ती त्याच दिवशी किंवा चार आठवड्यांच्या अंतराने घ्यावी लागते.
• प्रवासातून परतल्यावर ताप आला तर कुठे जाऊन आलात ते डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा.

लस घेतली तरी तिकडे डासांपासून जपायलाच हवे, कारण मलेरिया आणि डेंग्यूला हे कार्ड अडवत नाही. पण पीतज्वराला अडवते. म्हणून पासपोर्ट बाहेर काढाल त्याच दिवशी लसीचीही चौकशी करा.