विमानकर्ता विल्बर राईट

विमानाचा आवाज कानी पडताच मान वर करून पाहत नाही असे मूल विरळा. पाहिल्यावर मनात जे प्रश्न उभे राहतात तेही बहुधा ठरलेलेच असतात. एवढी जड वस्तू हवेत टिकते तरी कशी? एंजिन मध्येच बंद पडले तर ती दगडासारखी खाली येईल काय? आकाशात ना सडक, ना रूळ. मग ती वळते कशी? हे प्रश्न बालिश आहेत असे कोणी समजू नये. सव्वाशे वर्षांपूर्वी सायकली विकणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या एका मनुष्याने हेच प्रश्न स्वतःस विचारले आणि उत्तर मिळेपर्यंत त्यांचा पिच्छा सोडला नाही. त्याचे नाव विल्बर राईट. त्याचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे थोडक्यात ठेवावे, असे आम्ही योजिले आहे.

विल्बरचा जन्म १६ एप्रिल १८६७ रोजी अमेरिकेतील इंडियाना संस्थानात झाला. त्याचे वडील मिल्टन राईट हे ख्रिस्ती धर्मोपदेशक असून पुढे बिशपच्या पदास चढले. आई सुसान ही गाड्या बनविणाऱ्या कारागिराची कन्या. हत्यारे वापरण्यात तिचा हात असा बसलेला होता की, मुलांची खेळणी ती घरीच तयार करी. वडिलांस धर्मकार्यानिमित्त वारंवार फिरती असे. घरी संपत्ती बेताचीच, परंतु पुस्तके मुबलक होती, आणि ती वाचण्यास व प्रश्न विचारण्यास मुलांस पूर्ण मोकळीक होती. १८७८ साली वडिलांनी विल्बर व त्याचा चार वर्षांनी धाकटा भाऊ ऑर्व्हिल यांच्यासाठी एक खेळणे आणले. बूच, बांबू व कागद यांचे ते लहानसे यंत्र रबराच्या पिळाने फिरून वर उडे. ते लवकरच मोडले. पण मुलांनी तसलीच दुसरी करून पाहिली.

विल्बर अभ्यासात हुशार होता. येल येथील विख्यात विद्यापीठात त्यास पाठवावे असा घरात विचार चालू होता. इतक्यात १८८५-८६ च्या हिवाळ्यात बर्फावर हॉकी खेळताना एक काठी त्याच्या तोंडावर बसली. पुढचे दात गेले. त्याहून वाईट म्हणजे पुढे छातीत धडधड होऊ लागून प्रकृती ढासळली. कॉलेजचा बेत राहिला तो कायमचाच. त्याच सुमारास आईस क्षयाने ग्रासले होते. आजारी पुत्राने आजारी मातेची शुश्रूषा पत्करली. दुर्बळ झालेल्या आईस तो नित्य जिना चढवी व उतरवी. उरलेला वेळ वडिलांच्या ग्रंथसंग्रहात जाई. १८८९ च्या जुलैत माता निवर्तली. बाहेरून पाहणारास ही तीन-चार वर्षे फुकट गेलीशी वाटली असतील. परंतु एकट्याने वाचण्याची, विचार करण्याची व धीर धरण्याची जी सवय त्यास लागली ती याच काळात.

पुढे दोघा भावांनी डेटन शहरी छापखाना घातला, आणि १८९२ मध्ये सायकलींचे दुकान काढले. लवकरच ते स्वतःच्या सायकलीही बनवू लागले. १८९६ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील ओटो लिलिएन्थाल हा थोर प्रयोगी मनुष्य पडून मरण पावल्याची वार्ता आली. त्याने एंजिनावाचून केवळ पंखांच्या आधारे टेकडीवरून सुमारे दोन हजार वेळा तरंगून दाखविले होते. त्याच वर्षी ऑर्व्हिल विषमज्वराने अत्यवस्थ झाला होता. भावाच्या दुखण्याच्या त्या दिवसांतच, एवढ्या जाणत्या पुरुषाचा घात कशाने झाला, या प्रश्नाने विल्बरच्या मनात घर केले.

३० मे १८९९ रोजी त्याने वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेस पत्र लिहून विमानविषयक ग्रंथ व निबंध मागविले. ते वाचून त्यास एक गोष्ट उमगली. इतर संशोधक अधिक बळाच्या एंजिनामागे लागले होते. परंतु हवेत गेल्यावर तोल कसा सांभाळावा, ही खरी अडचण होती. पुष्कळांची समजूत अशी की, नाव जशी सुकाणूने वळते तसे विमान सपाट राहून वळेल. विल्बर होता सायकलवाला. वळताना स्वार सायकलीसह आतल्या बाजूस कलतो, हे त्याच्या नित्य पाहण्यातले होते. आकाशात गिधाडे वळतात तीही एका अंगावर कलूनच. एके दिवशी दुकानात सायकलीच्या ट्यूबची कागदी पेटी हातात सहज पिळली असता त्यास युक्ती सुचली. पंखांची टोके परस्परविरुद्ध पिळावीत, म्हणजे एका पंखावर हवेचा रेटा वाढून दुसऱ्यावर कमी होईल व विमान हवे तिकडे कलेल. आजच्या विमानांचे पंख पिळत नाहीत; त्यांच्या मागच्या कडेस हलत्या फळ्या असतात. तत्त्व मात्र तेच आहे. विमान वळते कसे, याचे उत्तर हे असे आहे.

प्रयोगासाठी सोसाट्याचा वारा व मऊ वाळू पाहिजे होती. सरकारी हवामान खात्याकडे चौकशी करून विल्बरने अटलांटिक महासागराकाठचे किटी हॉक हे ओसाड गाव निवडले. १९०० साली बंधू तेथे प्रथम गेले. १९०१ साली मोठे यंत्र घेऊन गेले. परंतु पुस्तकातील कोष्टकांवरून जेवढी उचल मिळावयास हवी होती, तिच्या मानाने फारच थोडी मिळाली. विल्बर परतला तो अगदी निराश होऊन. तथापि त्याने नशिबास दोष दिला नाही, की मान्यवरांचे आकडे आहेत म्हणून डोळे मिटून मान डोलावली नाही. दोघा भावांनी सहा फूट लांबीची एक लाकडी पेटी केली, तिच्या एका टोकास पंखा बसविला, आणि सायकलीच्या आऱ्या व करवतीची जुनी पाती यांचा काटा करून सुमारे दोनशे लहान लहान पंखांवर वाऱ्याचा रेटा मोजला. तेव्हा असे आढळले की, एंजिनियर लोक शंभराहून अधिक वर्षे जो एक आकडा खरा मानून चालले होते तोच चुकीचा होता.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या पेटीतच होते. पंख किंचित तिरपा धरून वेगाने पुढे नेला म्हणजे तो हवा खाली लोटतो, आणि हवा त्यास उलट वर उचलते. म्हणून विमानास वेग पाहिजे. वेग आहे तोवर आधार आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही यातूनच निघते. एंजिन बंद पडले तरी विमान दगडासारखे पडत नाही. नाक थोडे खाली करून ते उतरत उतरत पुष्कळ अंतर कापते व तेवढ्यात वैमानिकास जागा शोधता येते. राईट बंधू तीन वर्षे एंजिनावाचूनच उडण्यास शिकत होते, हे येथे ध्यानात धरावे.

१९०२ साली नवे यंत्र ६२२ फुटांपर्यंत तरंगले. वळताना ते कधी कधी एका बाजूस घसरून वाळूत रुते. मागचे सुकाणू हलते करावे असे ऑर्व्हिलने सुचविले. त्याची दोरी पंखांच्या दोरीस जोडावी ही भर विल्बरने घातली. दोघे भाऊ तासन् तास वाद घालीत, आणि शेवटी प्रत्येकास दुसऱ्याचेच म्हणणे पटलेले असे. असा वाद आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य शिकावा.

पुढील वर्षी त्यांच्या दुकानातील कारागीर चार्ल्स टेलर याने १२ अश्वशक्तीचे एंजिन बनविले. १४ डिसेंबर १९०३ रोजी कोणी प्रथम बसावे हे नाणे उडवून ठरविले. कौल विल्बरच्या बाजूने पडला; परंतु त्याने नाक फार वर उचलल्यामुळे यंत्र खाली येऊन थोडे मोडले. तीन दिवसांनी, १७ डिसेंबर रोजी, पाळी ऑर्व्हिलची होती. समोरून वारा येत होता. वाऱ्याच्या तोंडावर उड्डाण केल्यास पंखांस वेग आयताच मिळतो. आजही विमाने याच कारणाने वाऱ्यासमोर चढतात. त्या दिवशी ऑर्व्हिल १२ सेकंदांत १२० फूट गेला. दोन प्रहरच्या सुमारास चौथ्या खेपेस विल्बर ५९ सेकंद हवेत राहून ८५२ फूट गेला. पाहणारे गावचे अवघे पाच जण होते.

१९०५ मध्ये विल्बर एका दमात २४ मैल उडाला, तरी जगाचा विश्वास बसेना. ८ ऑगस्ट १९०८ रोजी फ्रान्समध्ये ल मां शहरानजीक त्याने दोन मिनिटांहूनही कमी वेळ उड्डाण केले. परंतु त्याची ती डौलदार वळणे पाहून कालपर्यंत थट्टा करणारे थक्क झाले. पुढच्याच महिन्यात १७ सप्टेंबरला अमेरिकेत ऑर्व्हिलचे विमान कोसळले. तो जबर जखमी झाला व त्याच्याबरोबरचा लष्करी अधिकारी सेल्फ्रिज मरण पावला. वार्ता ऐकून विल्बरने ठरलेली उड्डाणे रद्द केली व तो एकांतात बसला. चार दिवसांनी मात्र तो पुन्हा विमानात चढला व दीड तास उडत राहिला. त्या वर्षाच्या अखेरच्या दिवशी त्याने दोन तास वीस मिनिटांचे उड्डाण केले. कीर्तीच्या शिखरावर असतानाही तो आपल्या शेडमध्ये यंत्राजवळ झोपे, मद्य व तंबाखू यांस शिवत नसे, आणि वडिलांचा मान राखून रविवारी कधी उडत नसे.

२५ मे १९१० रोजी ८१ वर्षांच्या बिशप राईट यांनी ऑर्व्हिलबरोबर प्रथमच आकाशात विहार केला. मुलास भय वाटत होते, पण वृद्ध पिता आणखी वर चल म्हणून आग्रह करीत होता. त्याच दिवशी दोघे बंधू जन्मात एकदाच एका विमानातून उडाले. एरवी अपघातात दोघेही जाऊ नयेत म्हणून ते एकत्र बसत नसत.

विल्बरची अखेरची वर्षे पेटंटच्या खटल्यांत गेली, ही खेदाची गोष्ट होय. कोर्टकचेऱ्यांत जो काळ गेला तो प्रयोगशाळेस मिळता तर बरे झाले असते, असे आम्हास वाटते. प्रवासात त्यास विषमज्वर जडला. सोळा वर्षांपूर्वी धाकटा भाऊ त्याच तापातून वाचला होता. थोरला वाचला नाही. त्या काळी यावर खात्रीचे औषध नव्हते. ३० मे १९१२ रोजी, त्या पत्रास बरोबर तेरा वर्षे पुरी झाली त्याच दिवशी, पंचेचाळिसाव्या वर्षी त्याने देह ठेवला.

त्याच्या हयातीतच विमान आमच्या देशात आले होते. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादहून यमुनेपलीकडील नैनीस विमानाने टपाल गेले, व त्याचा लाभ तेथील एका ख्रिस्ती वसतिगृहास मिळाला. पुढे १९६९ साली चंद्रावर गेलेल्या यात्रेकरूंनी किटी हॉकच्या विमानाच्या कापडाचे व लाकडाचे तुकडे सोबत नेले होते.

विल्बरपाशी पदवी नव्हती, धन नव्हते, सुदृढ प्रकृतीही नव्हती. प्रश्न मात्र होता, आणि छापील उत्तर स्वतः मोजून पाहण्याची चिकाटी होती. पालकांस आमची विनंती एवढीच की, मुलाने प्रश्न विचारला असता त्यास गप्प बसवू नये. विद्यार्थ्यांस सांगणे हे की, आजाराने वा अडचणीने अभ्यासाची एखादी वाट बंद झाली म्हणून हातपाय गाळू नयेत. देवाने दिलेली बुद्धी व हात सचोटीने कामास लावणारास दुसरी वाट सापडते, याची साक्ष डेटनच्या या सायकलवाल्याचे चरित्र देत आहे.