कामराज व शाळेंतील दुपारचें जेवण

मधली सुट्टी झाली म्हणजे वर्गांतील बहुतेक मुलें आपापला डबा उघडून बसतात. परंतु एखादा मुलगा असा असतो कीं, तो तेवढ्यांत वर्गाबाहेर पडतो, नळावर जाऊन ओंजळभर पाणी पितो, आणि घंटा होईपर्यंत मैदानाच्या कडेला रेंगाळत राहतो. कोणीं विचारलेंच तर आपणांस भूक नाहीं असें तो सांगतो. जो मुलगा शाळेंत येतच नाहीं, त्याला तर आपण पाहातही नाहीं. या दोघांनाही ज्यानें ओळखलें, आणि एका अख्ख्या राज्यांत त्यांच्यासाठीं दुपारचें पान मांडण्याचा ज्यानें उद्योग केला, त्या पुरुषाचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे. हे पुरुष म्हणजे मद्रास राज्याचे मुख्यमंत्री कुमारस्वामी कामराज होत.

तामिळनाडूच्या दक्षिण भागांत, मदुरेच्या पलीकडे, विरुधुनगर नांवाचें एक व्यापारी गांव आहे. पूर्वीं त्यास विरुदुपट्टी म्हणत. तेथें १५ जुलै १९०३ रोजीं कामराजांचा जन्म झाला. वडिलांचें नांव कुमारस्वामी नाडर व आईचें शिवकामी. घरची कुलदेवता कामाक्षी. म्हणून मुलाचें नांवही प्रथम कामाक्षी असेंच ठेविलें होतें. आई मात्र त्यास लाडानें राजा म्हणे. या दोन नांवांच्या मिलाफांतून कामराज हें नांव तयार झालें. नाडर समाजांतील पुष्कळ लोक पूर्वापार ताडाच्या झाडावर चढून रस काढण्याचा धंदा करीत. देवळांचीं दारें या समाजाला बंद होतीं, आणि वरिष्ठ म्हणविणाऱ्यांकडून अपमान नित्याचाच होता. अशा स्थितींतून त्यांच्यापैकीं कांहीं घराणीं व्यापारांत शिरलीं व विरुधुनगरांत त्यांनीं चांगला जम बसविला.

या व्यापारी मंडळींनीं १८८९ सालीं गांवांत क्षत्रिय विद्याशाला नांवाची एक शाळा काढली. तिचा खर्च चालविण्याची रीत मोठी लक्षांत ठेवण्यासारखी आहे. घरोघरच्या गृहिणीनें रोज स्वयंपाकासाठीं तांदूळ घेतांना त्यांतील एक मूठ शाळेच्या नांवानें बाजूला काढावी, आणि असा जमलेला तांदूळ शाळेच्या कामीं लागावा, अशी ही योजना. तामिळ भाषेंत तिला पिडि अरिसी, म्हणजे मूठभर तांदूळ, असें म्हणतात. कामराज याच शाळेचे विद्यार्थी. ज्याची विद्या लोकांच्या चुलीवरील तांदळांतून निघाली, त्यानें पुढें शाळेंतच चूल पेटवावी, हा योग मला तरी केवळ आकस्मिक वाटत नाहीं.

त्यांच्या शाळकरी वयाची एक गोष्ट तिकडे सांगतात. शाळेंत गणेशचतुर्थीचा उत्सव होता, व त्यासाठीं प्रत्येक मुलाकडून सारखीच वर्गणी घेतली होती. प्रसाद वाटण्याची वेळ आली तेव्हां धीट मुलांनीं रेटारेटी करून ओंजळी भरून घेतल्या. कामराज मागें उभे राहिले, आणि त्यांच्या हातीं चिमूटभरच प्रसाद पडला. घरीं विचारणा झाली तेव्हां त्यांनीं उलट प्रश्न केला कीं, पैसे सर्वांकडून सारखे घेतले, तर वाटणी सारखी करणें हें मास्तरांचें काम नव्हे काय? दांडगाई करतां आली नाहीं हा मागें राहणाऱ्याचा दोष कसा?

कामराज सहा वर्षांचे असतांना वडील वारले. आईनें अंगावरचे दागिने विकले, ती रक्कम एका व्यापाऱ्याकडे ठेविली, आणि तिच्या व्याजावर घर चालविलें, असें त्यांचे चरित्रकार लिहितात. व्याजावर पोट भरेल, पण विद्या पुरी होईल असें नव्हतें. सहाव्या इयत्तेच्या सुमारास त्यांची शाळा सुटली, आणि मामाच्या कापडाच्या दुकानांत ते कामाला लागले. पुढें ते राष्ट्राच्या सभेचे अध्यक्ष झाले तरी शाळेंतील शिक्षण एवढेंच. इंग्रजी वाचण्याची जी शक्ति त्यांना आली, ती बहुतेक तुरुंगांतील अभ्यासानें.

तुरुंगाचा अभ्यास त्यांना भरपूर घडला. १९१९ सालच्या जालियनवाला बागेच्या वार्तेनें दुकानांतील हा मुलगा पेटून उठला व काँग्रेसच्या कामांत पडला. वायकोम येथें १९२४ सालीं अस्पृश्य मानलेल्या लोकांना मंदिराभोंवतालचे रस्ते मोकळे व्हावे म्हणून सत्याग्रह झाला, त्यांत ते गेले. १९३० सालीं वेदारण्यमच्या मिठाच्या सत्याग्रहांत त्यांना शिक्षा झाली. १९४० सालीं सत्याग्रहींची यादी गांधीजींस दाखविण्यासाठीं ते वर्ध्याला निघाले असतां वाटेंतच गुंटूरला त्यांना पकडलें. ऑगस्ट १९४२ मध्यें मुंबईच्या अधिवेशनाहून परततांना मात्र त्यांनीं पोलिसांना चुकविलें, जिल्ह्याजिल्ह्यांत निरोप पोंचविला, आणि काम संपल्यावर स्वतःच पोलिसांना आपण तयार असल्याचें कळविलें. त्या वेळच्या बंदिवासाचा कांहीं काळ आपल्या वऱ्हाडांतील अमरावतीच्या तुरुंगांत गेला. एकंदर सहा कारावास मिळून तीन हजारांहून अधिक दिवस त्यांनीं गजांआड काढिले. लग्न त्यांनीं केलें नाहीं.

१३ एप्रिल १९५४ रोजीं कामराज मद्रास राज्याचे मुख्यमंत्री झाले. त्यांच्यापूर्वींचे मुख्यमंत्री चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनीं १९५३ सालीं प्राथमिक शिक्षणाची एक नवी पद्धत सुरू केली होती. मुलानें अर्धा दिवस शाळेंत बसावें व उरलेल्या वेळांत आईबापांचा धंदा शिकावा, असें तिचें स्वरूप होतें. शाळा थोड्या व मुलें फार, तेव्हां एकाच इमारतींत दोन पाळ्या बसवितां येतील, हा हिशोब त्यामागें होता. परंतु चांभाराच्या मुलानें चांभारच व्हावें असा याचा अर्थ आहे, अशी तीव्र टीका झाली. कामराजांनीं अधिकारावर येतांच ती पद्धत रद्द केली. रद्द करणें सोपें होतें. पुढचा प्रश्न अवघड होता. शाळा पूर्ण दिवसाची केली, गांवोगांवीं उघडली, तरी मुलें तींत येत कां नाहींत?

या प्रश्नाचें उत्तर त्यांना एका गुराख्यानें दिलें, असें सांगतात. दौऱ्यावर असतांना एका रेल्वे फाटकापाशीं त्यांची गाडी थांबली. जवळच एक मुलगा गुरें चारीत होता. तूं शाळेंत कां जात नाहींस, असें मुख्यमंत्र्यांनीं विचारलें, तेव्हां शाळेंत गेल्यास खायला कोण देईल, असा त्यानें उलट सवाल केला. गोष्ट साधी आहे, पण तिच्यांत एक पक्कें गणित आहे. गुरें राखणाऱ्या मुलाला मालकाकडून दुपारची पेज मिळते. तो शाळेंत आला कीं ती पेज बुडते. फी माफ केली म्हणून हें नुकसान भरून येत नाहीं, कारण तें नुकसान पैशाचें नसून त्याच दिवशींच्या अन्नाचें असतें. पाटीपुस्तकें फुकट देणारे राज्यकर्ते पुष्कळ झाले. पण गरीबाच्या घरीं मुलाचें शाळेंत जाणें म्हणजे एक जेवण कमी, हें ज्याला कळलें असा माणूस विरळा. कामराजांना तें समजावून सांगावें लागलें नाहीं.

शाळेंत जेवण घालण्याची कल्पना मद्रासला अगदींच नवी होती असें मात्र नव्हे. १९२० सालीं मद्रास महापालिकेचे अध्यक्ष पी. त्यागराय चेट्टी यांच्या पुढाकारानें थाउजंड लाइट्स भागांतील एका शाळेंत मुलांना फराळ देण्यास आरंभ झाला होता. दर मुलामागें रोजचा खर्च एक आण्याहून अधिक होऊं नये असें बंधन होतें. हजेरी वाढली; आणखी कांहीं शाळांत तोच क्रम सुरू झाला. पण प्राथमिक शिक्षणाच्या निधींतून अन्नावर खर्च करणें तत्कालीन सरकारला मान्य झालें नाहीं, आणि १९२५ सालीं तो बंद पडला. अन्न हा शिक्षणाचा भाग नव्हे, ही त्या निर्णयाच्या बुडाशीं असलेली समजूत. कामराजांची झुंज खरी म्हणजे याच समजुतीशीं होती.

हा वाद आजही ऐकूं येतो, म्हणून त्याविषयीं थोडें विस्तारानें लिहितों. शाळांना इमारती नाहींत, शिक्षक पुरेसे नाहींत, तेव्हां असलेला पैसा भातावर कां उधळावा, ही एक शंका. फुकट खाण्याची लोकांना संवय लागेल, ही दुसरी. आणि शिक्षकानें शिकवावें कीं भात वाढावा, ही तिसरी. यांतील पहिली व तिसरी शंका पोकळ नव्हती. राज्य श्रीमंत नव्हतें, आणि एकशिक्षकी शाळेंत स्वयंपाकाकडे लक्ष देणारा शिक्षक तेवढा वेळ फळ्यापासून दूर जातो हें खरें आहे. कामराजांनीं शंकांना उत्तर देण्यापेक्षां काम सुरू करून दाखविलें. शिक्षणखात्याचे संचालक एन. डी. सुंदरवडिवेलु हे त्यांना मनासारखे अधिकारी मिळाले. आरंभ सरकारी तिजोरींतून न करतां गांवकऱ्यांच्या देणग्यांतून केला. कोणीं तांदूळ दिला, कोणीं भाजी, कोणीं सरपण, कोणीं भांडीं. कवि सुब्रह्मण्य भारती यांच्या एट्टयपुरम या जन्मगांवीं १९५६ सालीं या कार्याचा प्रारंभ झाला, आणि त्यासाठीं जरूर पडल्यास आपण गांवोगांव फिरून भिक्षा मागूं अशी तयारी मुख्यमंत्र्यांनीं दर्शविली. तीन हजार दिवस तुरुंगांत काढलेल्या माणसाला झोळी हातांत घेण्याची लाज वाटण्याचें कारण नव्हतें.

पण झोळीवर राज्य चालत नाहीं. ज्या गांवांत दाते आहेत तेथें चूल पेटते. आणि जेथें सारेंच गांव उपाशी, तेथें ती सर्वांत अधिक हवी असूनही पेटत नाहीं. म्हणून १९५७ सालापासून सरकारनें खर्चाचा वांटा उचलला. एका जेवणाचा खर्च सुमारें दहा नवे पैसे धरला, त्यांतील सहा पैसे सरकारचे, व चार पैसे स्थानिक संस्था व लोक यांचे, असें प्रमाण ठरलें. जेवण वर्षांतून सुमारें २०० दिवस. पानांत भात व सांबार. ही सोय सर्व मुलांना नव्हती. फक्त गरिबांतील गरीब अशा मुलांपुरती होती, आणि इतकीं पानें कीं कोणाकोणाला बसवावें हा प्रश्न शिक्षकालाच सोडवावा लागे. १९६१ पासून केअर या अमेरिकन संस्थेकडून दुधाची भुकटी, तेल, धान्य येऊं लागलें, तेव्हां हा भार कांहींसा हलका झाला.

निवडक मुलांनाच जेवण देण्यांत एक अडचण अशी कीं, पंगतीला बसणारा मुलगा सर्वांदेखत गरीब ठरतो. कामराजांच्या कारकीर्दींत शाळकरी मुलांना एकसारखा गणवेश देण्याची चळवळ निघाली, तिचा याच्याशीं संबंध आहे. अंगावरील कपड्यावरून तरी कोण कोणाच्या घरचा हें दिसूं नये, हा तिचा एक हेतु. त्यासाठीं गांवोगांवीं शाळासुधारणेच्या सभा भरत. तेथें लोक बांकें, नकाशे, घड्याळें, कपडे, पैसे आणून देत. १९६० पासून गरीब कुटुंबांतील मुलांना अकराव्या इयत्तेपर्यंत फी माफ झाली.

या माणसाचें स्वतःचें घर कसें होतें? मुख्यमंत्री मद्रासला राहत, आणि आई विरुधुनगरच्या जुन्या लहान घरांत. तिला दरमहा ठराविक लहानशी रक्कम जाई. नगरपालिकेनें मुख्यमंत्र्यांच्या मातोश्री म्हणून तिच्या दारांत पाण्याचा खास नळ बसविला, तेव्हां कामराजांनीं तो काढावयास लाविला, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. आईच्या बाजूनें विचार केल्यास हें कठोर वाटतें, आणि मला तें तसें वाटतेंही. पण मागें राहणाऱ्याच्या ओंजळींत चिमूटभर प्रसाद कां, असें विचारणाऱ्या मुलाकडून दुसरी अपेक्षा करणें कठीण.

२ ऑक्टोबर १९६३ रोजीं त्यांनीं आपण होऊन मुख्यमंत्रिपद सोडलें. वडील पुढाऱ्यांनीं अधिकार टाकून पक्षाच्या कामाला लागावें, ही योजना त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. पुढें काँग्रेसचे अध्यक्ष या नात्यानें १९६४ सालीं लालबहादुर शास्त्री व १९६६ सालीं इंदिरा गांधी यांच्या निवडीत त्यांचाच शब्द निर्णायक ठरला. स्वतः पंतप्रधान होण्याची इच्छा त्यांनीं धरली नाहीं.

१९६७ सालीं त्यांच्या वांट्याला जें आलें तें विलक्षण होतें. राज्यांत तांदळाची टंचाई होती व हिंदीविरोधी चळवळीचा क्षोभ शमला नव्हता. विरोधी द्रविड मुन्नेत्र कळघम पक्षानें रुपयाला तीन मापें तांदूळ देण्याचें वचन दिलें. मुलांना भात वाढणाऱ्या मुख्यमंत्र्याचा पक्ष भाताच्याच प्रश्नावर पडला. आणि खुद्द कामराजांना, खुद्द विरुधुनगरांत, एका तरुण विद्यार्थी-पुढाऱ्यानें सुमारें १,३०० मतांनीं हरविलें.

चूल मात्र विझली नाहीं. त्यांना पाडणाऱ्या पक्षाच्या सरकारनेंही ती चालू ठेविली. १ जुलै १९८२ रोजीं एम. जी. रामचंद्रन यांनीं तिचा मोठा विस्तार करून खेड्यांतील लहान मुलांस पौष्टिक जेवण सुरू केलें, व पुढें तें शहरांत आणि वरच्या वयाच्या मुलांपर्यंत नेलें. १९९५ सालीं केंद्र सरकारनें देशभर योजना काढली; परंतु बहुतेक राज्यांत, आपल्या महाराष्ट्रांतही, शिजलेल्या अन्नाऐवजीं मुलामागें महिन्याला तीन किलो कोरडें धान्यच मिळे. तें घरीं जाई व घरांतील सर्वांत मिसळून जाई. शाळेंत शिजवूनच वाढलें पाहिजे असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें २८ नोव्हेंबर २००१ रोजीं दिला, त्यानंतर आपल्याकडील प्राथमिक शाळांत खिचडीचीं पातेलीं चढलीं. तामिळनाडूंत १५ सप्टेंबर २०२२ पासून कांहीं प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारीही सुरू झाली. कारण दुपारपर्यंतचे तासही कांहीं मुलें रिकाम्या पोटीं काढीत होतीं.

कामराज २ ऑक्टोबर १९७५ रोजीं मद्रासला वारले. पुढील वर्षीं त्यांना मरणोत्तर भारतरत्न हा बहुमान मिळाला. ते राहत होते तें घर भाड्याचें होतें. मागें राहिलेल्या वस्तूंत कांहीं धोतरें व सदरे, थोडीं पुस्तकें, आणि शंभर-दीडशें रुपये निघाले.