खेळ मांडणारा भाऊ

माझा एक भाचा नोकरीनिमित्त परदेशात असतो. त्याचे कॉलेजातले चार मित्र चार गावांना पांगले आहेत. हे पाच जण गेली काही वर्षे ईमेलवरून एक खेळ खेळतात. पट नाही, सोंगट्या नाहीत. भाचा एक काल्पनिक राज्य रचतो, त्यातले रस्ते, किल्ले, शत्रू ठरवतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि ते पात्र आता काय करणार, हे लिहून कळवतात. त्याचा परिणाम काय झाला, ते भाचा सर्वांना लिहितो. एखाद्याचे उत्तर आठवडाभर आले नाही, की तेवढा वेळ सारे राज्य खोळंबते. १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या कुळातला हा खेळ, अशी माहिती त्याने मला दिली. मला मात्र त्याच्याही आधी सुमारे दीडशे वर्षांपूर्वीचे, इंग्लंडातल्या एका धर्मगुरूचे घर आठवले. तिथेही असाच खेळ चाले, आणि पुढे तो टपालाने चालला. तो मांडणाऱ्याचे नाव ब्रॅनवेल ब्राँटे.

‘जेन एअर’ आणि ‘वदरिंग हाइट्स’ लिहिणाऱ्या ब्राँटे भगिनींचा हा एकुलता एक भाऊ. जन्म २६ जून १८१७चा. यॉर्कशरमधल्या हॉवर्थ गावी वडील धर्मगुरू होते. आई १८२१ साली गेली, दोन थोरल्या बहिणी १८२५ साली क्षयाने गेल्या. उरली चार मुले: शार्लट, तिच्यापाठचा ब्रॅनवेल, मग एमिली आणि अ‍ॅन. जून १८२६मध्ये वडिलांनी लीड्सहून ब्रॅनवेलसाठी बारा लाकडी शिपाई आणले. सकाळी चौघांनी एकेक शिपाई उचलला. शार्लटने आपल्या शिपायाला वेलिंग्टन केले, ब्रॅनवेलने आपल्याला बोनापार्ट. खेळ सुरू झाला.

या शिपायांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ग्लास टाउन नावाचे राज्य वसवले. मुले स्वतः त्या राज्याचे चार जिन्न झाली. जिन्नांना एक अधिकार होता: मेलेल्याला पुन्हा जिवंत करण्याचा. ज्या घरात चार वर्षांत तीन मृत्यू झाले, त्या घरच्या मुलांनी पहिला नियम हा करावा, यात नवल नाही. शिपायांना वाचता यावीत म्हणून त्यांनी तळहातात मावतील एवढी मासिके शिवली आणि मुंगीएवढ्या अक्षरांत लिहून काढली. पहिले मासिक ब्रॅनवेलने काढले; पुढे ते शार्लटने चालवले.

१८३१ साली शार्लट रो हेडच्या शाळेत गेली. एमिली आणि अ‍ॅन यांनी वेगळी चूल मांडून गोंडाल नावाचे आपले राज्य उभारले. शार्लट परतल्यावर, १८३४ साली, तिने आणि ब्रॅनवेलने अँग्रिया हे नवे राज्य काढले. नकाशे, लढाया, संसद आणि सैन्याची मोजदाद ब्रॅनवेलकडे. प्रेम, मत्सर, घरातली भांडणे शार्लटकडे. तिचा नायक झमोर्ना. ब्रॅनवेलचे पात्र नॉर्थँगरलंड, म्हणजे झमोर्नाचा सासरा आणि वैरी.

जुलै १८३५मध्ये शार्लट त्याच शाळेत शिक्षिका म्हणून गेली आणि खेळ टपालावर आला. हॉवर्थ तिथून वीसेक मैलांवर. एक पेनीचे टपाल १८४० साली सुरू झाले. तोवर अंतर आणि कागदांची संख्या पाहून, पत्र घेणाऱ्याकडूनच पैसे वसूल होत. इकडे शार्लट मुलींना व्याकरण शिकवते आहे आणि तिकडे ब्रॅनवेल अँग्रियात यादवी युद्ध पेटवतो आहे. झमोर्ना हरला, देशोधडीला लागला. एका पत्रात ब्रॅनवेलने नॉर्थँगरलंडने आपल्या मुलीला लिहिलेले पत्रच पाठवले. ही मुलगी म्हणजे झमोर्नाची बायको मेरी. ते पत्र शार्लटच्या मनात कितीतरी दिवस घोळत राहिले. १८३६च्या शरद ऋतूत तर मेरीला भावाने खरोखर मारले की काय, या काळजीने ती बेचैन झाल्याचे तिच्या टिपणांत दिसते. भावाने मारले होते. नाताळच्या सुटीत घरी येऊन शार्लटने लेखणी उचलली आणि मेरीला जिवंत केले. जिन्नांचा अधिकार अजून शाबूत होता.

१८३९च्या सुमारास शार्लटने अँग्रियाचा लेखी निरोप घेतला. ब्रॅनवेलला तो घेता आला नाही. त्याने वर्डस्वर्थला कविता पाठवल्या, उत्तर आले नाही. ब्रॅडफर्डला चित्रकाराचे दुकान थाटले, चालले नाही. मग तो रेल्वेत लागला आणि १८४१ साली लडेंडन फूट या लहानशा स्टेशनचा प्रमुख कारकून झाला. पगार वर्षाला १३० पौंड. त्याच वर्षी ‘हॅलिफॅक्स गार्डियन’ या वृत्तपत्रात त्याची कविता आली. चारही भावंडांत छापून येण्याचा पहिला मान त्याचा. खाली सही होती नॉर्थँगरलंडची.

मार्च १८४२मध्ये हिशेबतपासणी झाली. ११ पौंड १ शिलिंग ७ पेन्स कमी भरले. पैसे हाताखालच्या हमालाने उचलले असावेत, असे मानले जाते. ब्रॅनवेलवर ठपका आला तो निष्काळजीपणाचा. रक्कम पगारातून कापली गेली आणि नोकरीही गेली. माझा जन्म बँकेत गेला. कमी भरलेली रोकड मीही खिशातून भरली आहे, आणि बाद व्हाउचरांच्या पाठीवर गोष्टीही लिहिल्या आहेत. त्यामुळे या तपासनिसाशी मला भांडता येत नाही. ज्याच्या ताब्यात चाव्या, त्याच्यावर जबाबदारी. पण शेकडो मैलांच्या राज्याचा जमाखर्च ज्याला तोंडपाठ, त्याला एका स्टेशनाचा गल्ला सांभाळता येऊ नये, हे वाचताना पोटात तुटते.

पुढे अ‍ॅन जिथे शिक्षिका होती, त्या थॉर्प ग्रीनच्या घरी तो शिकवणीला राहिला. जुलै १८४५मध्ये तिथूनही काढला गेला. घरच्या मालकिणीशी त्याचे प्रेम जडले होते, असे त्याचे म्हणणे. दारू आणि अफूने उरलेले काम केले. त्याच घरात, त्याच काळात बहिणी लिहीत होत्या. १८४७ साली त्यांच्या तीन कादंबऱ्या पुरुषी टोपणनावांनी निघाल्या. भावाला हे अखेरपर्यंत कळले नाही, कळू दिले नाही, असे शार्लटने नंतर लिहिले. २४ सप्टेंबर १८४८ रोजी, वयाच्या ३१व्या वर्षी तो गेला. त्याच डिसेंबरात एमिली गेली, पुढच्या मेमध्ये अ‍ॅन. मेलेल्याला उठवणारे चौघे जिन्न; आता एकटी शार्लट मागे राहिली.

खेळाने त्याला बुडवले, असे म्हणणे सोपे आहे. पण १८४५ साली एमिली आणि अ‍ॅन यॉर्कच्या प्रवासात गोंडालची पात्रे होऊनच वावरत होत्या. तेव्हा एमिली २७ वर्षांची होत आली होती, आणि ‘वदरिंग हाइट्स’ तिच्याच हातून उतरली. दोष खेळाचा नव्हता. बहिणींना एकमेकींचे लिखाण ऐकणारी माणसे होती. ब्रॅनवेलच्या पत्रांची वाट पाहणारी एकच खेळाडू होती, आणि ती खेळातून उठली. डाव मांडणारा एकटाच पटाशी बसून राहिला.

त्याने काढलेले तिन्ही बहिणींचे चित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. मधे त्याने स्वतःला काढले होते. मग पुसून तिथे खांब रंगवला. वरचा रंग विरत गेला आणि आता त्या खांबातून त्याची आकृती पुसट दिसते. बँकेच्या भाषेत बोलायचे, तर त्याच्या खात्यावर ११ पौंड १ शिलिंग ७ पेन्स नावे पडले आहेत. ‘जेन एअर’मधल्या रॉचेस्टरमध्ये अभ्यासकांना झमोर्नाची सावली दिसते, त्या झमोर्नाला वर्षानुवर्षे तोडीस तोड वैरी पुरवणाऱ्या भावाच्या खात्यावर जमेच्या बाजूला कोणी काही लिहिले नाही. भाच्याला हे सारे मी सविस्तर लिहून कळवले. शेवटी एवढेच लिहिले, की मित्रांपैकी कोणाचे उत्तर यायचे थांबले, तर खेळ राहू दे बाजूला. आधी त्याला फोन कर.