संत एकनाथ : पाहुण्यांसाठी उघडं दार

विद्यार्थी मित्रांनो, आदरातिथ्य म्हटलं की तुम्हाला मोठी हॉटेलं आठवतात ना? आता पैठणचं एक जुनं घर पाहूया.

संत एकनाथांचा जन्म इ.स. १५३३ च्या सुमारास पैठणला झाला. आई-वडील लहानपणीच गेले. आजोबा चक्रपाणींनी त्यांना वाढवले. देवगिरीला जनार्दनस्वामींकडे शिकून ते परतले व गिरिजाबाईंसह संसार करू लागले.

एक आख्यायिका तुम्ही ऐकली असेल. घरी श्राद्धाचा स्वयंपाक तयार होता. वासाने दारावरून जाणारी भुकेली माणसं थबकली. त्या काळी त्यांना अस्पृश्य मानत. नाथांनी ते अन्न त्यांनाच वाढलं. निमंत्रित ब्राह्मण रागावले, बहिष्काराची वेळ आली. पण नाथ डगमगले नाहीत. रामेश्वराला न्यायचं गंगाजल त्यांनी वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजलं, असंही सांगतात.

१५८४ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. १५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला गोदावरीत देह ठेवला. त्याच तिथीला आजही नाथषष्ठीची यात्रा भरते, दिंड्या येतात. एरवी नाथसागर पाहायला, पैठणी घ्यायला पर्यटक येतात. त्यातून लॉज, खाणावळी, रिक्षावाले यांचं पोट भरतं.

पण मुलांनो, गर्दी वाढली की भाडं वाढतं. पाणी, शौचालय, सावली कमी पडते. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याची सोय होतेच. पायी आलेल्या गरीब वारकऱ्याची होते का? नाथांच्या गावात आदरातिथ्याची खरी परीक्षा हीच आहे. तुमच्या गावच्या जत्रेत काय दिसतं, ते नक्की पाहा.