प्रचारखात्यातला पत्रकार

पहलगाम येथे २२ एप्रिल २०२५ रोजी दहशतवाद्यांनी २६ जणांचे बळी घेतले. त्यानंतरच्या लष्करी कारवाईमागील भूमिका जगापुढे मांडण्यासाठी केंद्र सरकारने मे महिन्यात सात सर्वपक्षीय शिष्टमंडळे परदेशी धाडली. त्यांपैकी दोहोंचे नेतृत्व सुप्रिया सुळे आणि श्रीकांत शिंदे या महाराष्ट्रातील खासदारांकडे होते. शिष्टमंडळे जाऊन आली. मूळ प्रश्न मात्र उरतोच. दहशतवादाच्या प्रचाराला सरकारने परदेशात उत्तर द्यायचे ते कोणी, केव्हा आणि कशाच्या बळावर? वॉशिंग्टनमध्ये साठ वर्षांपूर्वी एका पत्रकाराने सरकारी खुर्चीत बसून याच जातीचा प्रश्न हाताळला होता. तेव्हा प्रतिस्पर्धी दहशतवादी नव्हते, सोव्हिएत प्रचारयंत्रणा होती. त्या पत्रकाराचे नाव एडवर्ड मर्रो.

मर्रो यांचा जन्म २५ एप्रिल १९०८ रोजी नॉर्थ कॅरोलायनातील एका साध्या शेतकरी कुटुंबात झाला. पुढे कुटुंब वॉशिंग्टन राज्यात गेले आणि तरुण मर्रो यांनी लाकूडतोडीच्या छावण्यांत काम करून शिक्षण घेतले. १९३५ मध्ये ते ‘सीबीएस’ या नभोवाणी कंपनीत दाखल झाले. त्याआधी नाझी राजवटीने हाकललेल्या जर्मन विद्वानांना अमेरिकेत आसरा मिळवून देण्याच्या कामात ते होते. हुकूमशाहीचा प्रचार माणसांचे काय करतो, याचा हा त्यांचा पहिला धडा. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळंकृत झाल्याची बातमी त्यांनी व्हिएन्नाहून दिली. १९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडत असताना तेथील छपरांवरून त्यांनी केलेली प्रक्षेपणे अमेरिकी घराघरांत ऐकली गेली. एप्रिल १९४५ मध्ये बुखेनवाल्ड छळछावणीचे त्यांनी केलेले वर्णन ऐकून श्रोते सुन्न झाले. मार्च १९५४ मध्ये दूरचित्रवाणीवरून त्यांनी सिनेटर मॅकार्थी यांच्या कम्युनिस्टविरोधी झुंडशाहीचा पर्दाफाश केला. सत्तेची भीड न बाळगणारा पत्रकार ही त्यांची ओळख पक्की झाली.

अशा माणसाला अध्यक्ष केनेडी यांनी १९६१ मध्ये अमेरिकी माहिती संस्थेचे संचालकपद दिले. आयसेनहॉवर यांच्या काळात, १९५३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेकडे ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’, परदेशांतील ग्रंथालये, चित्रपट आणि नियतकालिके अशी सारी जबाबदारी होती. दिल्लीतून १९६० पासून निघणारे ‘स्पॅन’ मासिकही तिचेच. मर्रो यांनी कित्येक पटींनी कमी पगार पत्करून हे पद स्वीकारले.

सुरुवात मात्र नामुष्कीने झाली. अमेरिकेतील स्थलांतरित शेतमजुरांच्या हलाखीवर मर्रो यांनीच सादर केलेला माहितीपट ‘बीबीसी’ दाखवणार होती. देशाच्या प्रतिमेला धक्का बसेल म्हणून तो दाखवू नये, अशी गळ नव्या संचालकांनी घातली. ‘बीबीसी’ने ती मानली नाही, बातमी फुटली आणि मर्रो टीकेचे धनी झाले. खुर्ची माणसाला किती लवकर बदलू पाहते, याचे हे उदाहरण आहे आणि त्यांच्या चरित्रातून ते वगळता येत नाही.

दुसरा धक्का त्याहून मोठा होता. एप्रिल १९६१ मध्ये क्यूबातील ‘बे ऑफ पिग्ज’ची मोहीम फसली. ती आखताना प्रचारप्रमुखाला कोणी विश्वासात घेतलेच नव्हते. विमान कोसळल्यावर सारवासारव करण्यासाठी आम्ही हवे असू, तर ते उडताना आम्हाला सोबत घ्या, अशी त्यांची मागणी त्यानंतर प्रसिद्ध झाली. प्रचार हा निर्णयानंतर चढवायचा मुलामा नसून निर्णयाचाच भाग आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

ते काही अंशी मान्य झाले. ऑगस्ट १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहू लागली तेव्हा मर्रो योगायोगाने त्याच शहरात होते. बर्लिनकरांचा धीर सुटत असल्याचा इशारा त्यांनी थेट केनेडी यांना दिला. त्याच महिन्याच्या अखेरीस सोव्हिएत संघाने अणुचाचण्या पुन्हा सुरू करण्याची घोषणा केली. अमेरिकेनेही लगोलग तीच घोषणा करू नये, जगाचा रोष आधी मॉस्कोवर केंद्रित होऊ द्यावा, असा सल्ला त्यांनी दिला. शब्द केव्हा उच्चारायचे याइतकेच केव्हा थांबायचे, हेही त्यांना उमगले होते.

वर्णद्वेषाच्या प्रश्नावर तर त्यांची कसोटीच होती. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांवर होणारे हल्ले लपवून आफ्रिका व आशियातील जनतेला लोकशाहीचे धडे देता येणार नाहीत, हे त्यांनी ओळखले. पटवून द्यायचे तर आधी विश्वास मिळवावा लागतो आणि विश्वासासाठी सत्य सांगावे लागते, ही भूमिका त्यांनी १९६३ मध्ये संसदेच्या समितीपुढेही मांडली. ‘बीबीसी’ प्रकरणातून ते बरेच काही शिकले होते.

त्याच वर्षी फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांना गाठले. जानेवारी १९६४ मध्ये त्यांनी पद सोडले आणि २७ एप्रिल १९६५ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

शीतयुद्ध संपल्यावर अमेरिकेने १९९९ मध्ये ही संस्थाच परराष्ट्र खात्यात विसर्जित केली. दोन वर्षांत न्यूयॉर्कवर हल्ला झाला. दहशतवाद्यांच्या प्रचाराला उत्तर देण्यासाठी विविध खात्यांचा समन्वय साधणारे केंद्र ओबामा यांनी २०११ मध्ये आदेशाद्वारे उभारले. ‘इसिस’ची खिल्ली उडवणाऱ्या त्याच्या चित्रफितींवर टीका झाली. २०१६ मध्ये त्याची जागा नव्या केंद्राने घेतली आणि डिसेंबर २०२४ मध्ये तेही बंद पडले. यंत्रणा बदलत गेल्या, मर्रो यांनी सांगितलेली दोन पथ्ये मात्र कायम राहिली.

आपल्या परराष्ट्र मंत्रालयानेही २००६ मध्ये जनराजनयासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. विभाग स्थापणे सोपे असते. त्याच्या प्रमुखाला निर्णयाच्या बैठकीत खुर्ची देणे आणि त्याने सांगितलेले अप्रिय सत्य ऐकून घेणे, हे अवघड असते. पुढचे शिष्टमंडळ विमानात बसण्यापूर्वी दिल्लीने एवढे जरी ठरवले, तरी पुष्कळ साधेल.